गॅलरी गळते, खर्च कोणाचा? फ्लॅट स्कीममधली गळती आणि तिची दुरुस्ती

तालुक्याच्या गावातली फ्लॅट स्कीम म्हणजे बहुतेक वेळा तीन मजले, सहा ते बारा फ्लॅट, खाली पार्किंग आणि वर सामाईक गच्ची. विदर्भात वणी, वरोरा, हिंगणघाट, पुसद, परतवाडा, उमरेड, कुठेही जा, नकाशा सारखाच. गॅलरीच्या छताला ओलीचा पहिला डाग पडला की भांडणही सारखंच असतं. खालचे म्हणतात वरच्यांनी करावं, वरचे म्हणतात बिल्डिंगनं करावं. आणि बिल्डिंग म्हणजे नेमकं कोण, हे कोणालाच ठाऊक नसतं. त्या वादात दोन-तीन पावसाळे जातात. तोवर स्लॅबमधली सळई गंजते आणि पाच-दहा हजारांचं काम लाखाकडे सरकतं.

आधी पाणी कुठून येतं ते पक्कं करा, मग कागद पाहा, मग पैशांचं बोला, आणि मिस्त्री शेवटी बोलवा. बहुतेक ठिकाणी मिस्त्री सगळ्यात आधी येतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पाण्याचा माग

डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर पाणी शिरलेलं असेलच असं नाही. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सळईच्या कडेनं, भेगेतून किंवा वायरिंगच्या पाइपातून तीन-चार फूट आडवं जातं आणि वाट मिळेल तिथे टपकतं. म्हणून पेन्सिलनं डागाची कड आखा, बाजूला तारीख लिहा आणि आठ दिवस रोज बघा. डाग कधी वाढतो यावरून निम्मं उत्तर मिळतं.

फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत, कठड्याचा माथा किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप. बारा महिने सारखाच ओला असेल तर नळाची लाइन किंवा बाथरूम. वरच्या घरी धुणं-भांडी झाल्यावर तासाभरात टपकत असेल तर गॅलरीची फरशी किंवा तिची मोरी, म्हणजे पाणी बाहेर जायचं तोंड.

आणि एप्रिल-मेमध्ये, बाहेर पारा 45 च्या पुढे असताना छत ओलं होत असेल, तर वर जाऊन कुलर बघा. आपल्याकडच्या गॅलरीच्या गळतीत कुलरचा वाटा मोठा असतो, पण घरमालकाला तो पटता पटत नाही. टाकीचा फ्लोट अडकतो आणि पाणी रात्रभर वाहतं. त्याहून वाईट म्हणजे लोखंडी स्टँड हलू नये म्हणून फरशीत ठोकलेले चार बोल्ट. प्रत्येक भोक वॉटरप्रूफिंगच्या थरातून आरपार जातं. उन्हाळाभर त्यातून पाणी झिरपतं आणि मृगाचा पहिला पाऊस आला की सगळे म्हणतात, पावसानं गळायला लागलं.

अंदाज आला की चाचणी घ्या. वरच्या घरी तीन दिवस गॅलरीत पाणी सांडायचं नाही, कुलरही बंद. डाग वाळायला लागला तर दिशा बरोबर आहे. मग मोरीच्या तोंडात रेती भरलेली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवा आणि गॅलरीत इंचभर पाणी 24 ते 48 तास उभं ठेवा. 10 फूट बाय 4 फुटांच्या गॅलरीला साधारण 90 लिटर पाणी लागतं, म्हणजे 90 किलो वजन. पाणी भरण्याआधी दाराचा उंबरठा त्या पातळीच्या वर आहे ना ते बघा, नाहीतर हॉल भिजेल. स्लॅबच्या खालून सळया उघड्या दिसत असतील, प्लॅस्टरचे पोपडे पडत असतील किंवा गॅलरी पुढच्या बाजूनं झुकलेली वाटत असेल, तर ही चाचणी घेऊच नका. त्या गॅलरीत माणसांनी उभं राहणंही बंद करा आणि थेट इंजिनिअरला बोलवा.

उभ्या पाण्यानं काहीच झालं नाही तर पाइप तपासा. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ घालून ते मोरीच्या तोंडात ओता. खाली निळसर ओल आली तर पाइपाचा सांधा फुटलेला आहे. तिथेही काही नसेल तर बाहेरच्या भिंतीवर नळीनं पाणी मारा, खालून सुरुवात करून वर जात, प्रत्येक टप्प्याला 15 ते 20 मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या भेगांवरून ओघळतं आणि नेमकी कोणती भेग पाणी घेते ते कळत नाही.

चाचणीच्या वेळी दोन्ही घरची माणसं, शिवाय तिसऱ्या फ्लॅटमधला एक जण हजर ठेवा. वेळ आणि तारीख टाकून अर्ध्या पानाचा पंचनामा लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, फोटो काढा. पुढे वाद वाढला तर हे अर्धं पान वकिलाच्या दहा पानी नोटिशीपेक्षा जास्त कामी येतं.

तुमची बिल्डिंग कोणत्या कायद्यात बसते?

मुंबई-पुण्याकडे फ्लॅट म्हटलं की सहकारी गृहनिर्माण संस्था असते. विदर्भात पुष्कळ स्कीम महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 खाली नोंदवलेल्या आहेत. फरक ओळखायला तुमचाच दस्त उघडा. त्यावर ‘अपार्टमेंट डीड’ लिहिलेलं असेल आणि आत ‘डिक्लरेशन’चा (म्हणजे स्कीम या कायद्याखाली आणताना नोंदवलेल्या घोषणापत्राचा) नोंदणी क्रमांक असेल, तर तुम्ही या 1970 च्या कायद्यात. शेअर सर्टिफिकेट असेल तर सहकारी संस्थेत.

डिक्लरेशनची प्रत बिल्डरकडे मागत बसू नका. दस्तातला क्रमांक घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. सामाईक जागांची यादी, ‘मर्यादित सामाईक’ जागांची यादी (म्हणजे सामाईक खरी, पण ठरावीक फ्लॅटच्या वापरासाठी राखलेली), आणि प्रत्येक फ्लॅटचा सामाईक जागेतला हिस्सा टक्क्यांत. गॅलरी फ्लॅटमध्ये धरली आहे की मर्यादित सामाईक जागेत, ते इथेच ठरतं. सामाईक खर्चाची वाटणी या टक्क्यांवर होते, ‘घरटी सारखे’ या हिशेबानं नाही. तळमजल्याचा गाळेवाला म्हणाला की मी गच्ची वापरतच नाही, तरी त्याचा हिस्सा सुटत नाही. वापर सोडला म्हणून वर्गणी माफ होत नाही, असं कायदाच सांगतो.

सहकारी संस्था असेल तर उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम बघा. 2014 च्या आदर्श उपविधीत दुरुस्तीचा उपविधी 159 क्रमांकाचा आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, गच्ची आणि तिचे कठडे, छताची संरचनात्मक दुरुस्ती, गच्ची गळल्यानं वरच्या मजल्याच्या छताचं आणि प्लॅस्टरचं झालेलं नुकसान, हे सगळं संस्थेच्या खर्चानं. त्या यादीत जे नाही ते सभासदाच्या खर्चानं, आणि संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी घरातली गळती याच भागात येते. संस्थेकडे यासाठी दुरुस्ती निधी असायला हवा, वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या 0.75 टक्के. शिवाय 0.25 टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी. लहान गावात हा निधी कागदावरही नसतो, म्हणून ऐन वेळी वर्गणी काढावी लागते.

गॅलरीचे तुकडे पाडून बघा

‘गॅलरी कोणाची’ असा एकच प्रश्न विचारला की उत्तर सापडत नाही. तुकडे पाडले की सापडतं. पुढची वाटणी सर्वसाधारण आहे. तुमच्या डिक्लरेशनमध्ये किंवा उपविधीत वेगळं लिहिलं असेल तर ते वरचढ.

स्लॅब, बीम आणि त्यातली सळई इमारतीच्या सांगाड्याचा भाग, म्हणून खर्च सगळ्यांचा. बाहेरची भिंत आणि कठड्याची बाहेरची बाजू सगळ्यांची. पावसाच्या पाण्याचा उभा पाइप सगळ्यांचा. मोरीच्या जाळीपासून त्या उभ्या पाइपापर्यंतचा आडवा तुकडा मात्र ज्याची गॅलरी त्याचा, कारण त्यात पानं, साबणाचा गाळ आणि भांड्यांची राख तोच घालतो.

वरची फरशी आणि तिच्या सांध्यांची देखभाल वापरणाऱ्याची. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग हा खरा वादाचा थर. मूळचं वॉटरप्रूफिंग वयानं संपलं असेल आणि मालकानं काही छेडछाड केली नसेल, तर तो सांगाडा वाचवणारा थर आहे, त्याचा खर्च सामाईक धरणं रास्त. पण मालकानं फरशी बदलताना तो फोडला असेल, कुलरचा स्टँड ठोकला असेल, कठड्याच्या माथ्यावर ग्रिल बसवायला भोकं पाडली असतील, गॅलरी बंद करून स्वयंपाकघर वाढवलं असेल किंवा वॉशिंग मशीनसाठी नवा नळ काढला असेल, तर खर्च त्याचाच. खालच्यांच्या छताचं प्लॅस्टर आणि रंगही त्याच्याच खात्यात. तुळशीवृंदावन आणि कुंड्यांचंही हेच. दहा कुंड्या ठेवायला हरकत नाही, पण खाली ताटल्या हव्यात आणि त्या मोरीच्या वाटेत नकोत.

खालच्या फ्लॅटमध्ये दिसणारं ओलं प्लॅस्टर खालच्याचं असलं तरी त्याचा खर्च कारणामागे जातो. कारण सामाईक तर भरपाई सामाईक. कारण वरच्या घराचं तर भरपाई वरच्यांची.

अर्ज, सभा आणि न उघडणारं दार

आधी वर जाऊन बोला. ‘काकू, तुमच्यामुळे गळतंय’ असं म्हणू नका. ‘काकू, जरा खाली येऊन बघता का?’ असं म्हणा. डाग डोळ्यांनी पाहिलेला माणूस निम्मा तयार झालेला असतो. मग लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत, एका प्रतीवर सचिवाची सही आणि तारीख घेऊन. मजकूर एवढा पुरतो:

‘फ्लॅट क्र. … च्या गॅलरीच्या छताला दि. … पासून गळती आहे. दि. … रोजी दोन्ही फ्लॅटधारकांसमक्ष पाण्याची चाचणी झाली, पंचनामा व फोटो सोबत जोडले आहेत. स्लॅबला धोका असल्याने 15 दिवसांत सभा बोलावून दुरुस्ती व खर्चाच्या वाटणीचा ठराव करावा ही विनंती.’

सभेत तीन दरपत्रकं ठेवा, पण तिन्ही एकाच कामाची हवीत. एकाचं विटांच्या भुग्याच्या कोब्याचं (म्हणजे जाड थराचं), दुसऱ्याचं नुसत्या रंगाचं, तिसऱ्याचं पूर्ण फोडून करायचं, अशी तीन दरपत्रकं आली की सगळे स्वस्तावर हात वर करतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच सभा भरते. ठरावात काम काय, किती चौरस फूट, कोणाचा किती हिस्सा आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, हे चारही लिहा.

वरचा फ्लॅट भाड्यानं असेल, मालक नागपूरला किंवा पुण्याला, तर भाडेकरूशी भांडून उपयोग नाही. पत्र मालकाच्या दस्तातल्या पत्त्यावर, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. दारच उघडत नसेल तर 1970 च्या कायद्यात फ्लॅटधारकांच्या असोसिएशनला सामाईक भागाच्या दुरुस्तीसाठी आणि दुसऱ्या फ्लॅटचं नुकसान टाळायच्या तातडीच्या कामासाठी वाजवी वेळेत फ्लॅटमध्ये जाण्याचा अधिकार दिला आहे. पत्रात त्याचा उल्लेख करा. कुलूप मात्र तोडू नका. तेवढ्यावर ऐकलं नाही तर सहकारी संस्थेसाठी सहकार न्यायालय; अपार्टमेंटसाठी नेमकं कुठे जायचं ते वकिलाला विचारा. शेजाऱ्यावर ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण तुम्ही त्याचे ग्राहक नाही.

बिल्डरचे मात्र आहात. रेराच्या 2016 च्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर त्यानं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. अडचण अशी की 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरची किंवा 8 पर्यंत फ्लॅटची स्कीम रेरा नोंदणीतून सुटते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्कीम नेमक्या एवढ्याच असतात. तुमची स्कीम तशी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता धरा. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, म्हणून ‘बघू दिवाळीनंतर’ असं दोनदा म्हणू नका.

असोसिएशन कागदावरही नसेल, बिल्डर डिक्लरेशन न करताच निघून गेला असेल, तर निदान त्या दुरुस्तीपुरता सगळ्या फ्लॅटधारकांचा सह्यांचा करार करा आणि पैसे दोन जणांच्या संयुक्त बँक खात्यात ठेवा.

काम कसं करून घ्यायचं

दिवस निवडायचे दिवाळीपासून होळीपर्यंत. मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की लेप मिस्त्रीच्या ब्रशवरच सुकतो, आणि पावसाळ्यात ओल आतच कोंडली जाते.

एक गोष्ट मिस्त्रीच्या आधी तुम्हाला माहीत हवी. भिंतीतून बाहेर आलेल्या, पुढे आधार नसलेल्या गॅलरीत मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते. खोलीच्या स्लॅबमध्ये ती खालच्या अंगाला असते, आणि मिस्त्रीच्या हाताला सवय खोलीची. म्हणून फरशी फोडताना ब्रेकर मशीन चालवू देऊ नका, छिन्नी-हातोडीनंच काढा. फोडण्याआधी खालच्या गॅलरीतून टेकू लावा. गॅलऱ्या एकावर एक असतील तर टेकू थेट जमिनीपर्यंत, प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक. नाहीतर वरचं वजन फक्त खालच्या गॅलरीवर जातं. वरून शिरणारं पाणी याच मुख्य सळईला आधी गाठतं, त्यामुळे गळकी गॅलरी ही गळक्या खोलीपेक्षा जास्त धोक्याची.

फरशी आणि तिच्याखालचा मसाला पूर्ण काढून स्लॅब उघडा करा. पोकळ वाजणारं काँक्रीट काढा, गंजलेली सळई तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासा, गंजरोधक लेप लावा आणि खड्डे पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरा. सळईची जाडी घटलेली दिसली तर तिथेच थांबून इंजिनिअरला दाखवा. नवी सळई किती आणि कशी जोडायची हे मिस्त्रीनं ठरवायचं काम नाही.

मग कोपरे. स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथे मसाल्याची इंच-दीड इंचाची गोलाई करा, मिस्त्री तिला वाटा म्हणतात. काटकोनी कोपऱ्यात लेप हमखास तडकतो. मोरीच्या पाइपाभोवतीचं जुनं सिमेंट काढून न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरा. गळतीची निम्मी ठिकाणं या दोन जागांत सापडतात.

लेपासाठी दोन भागांचं, सिमेंट आणि ॲक्रिलिक द्रावणाचं वॉटरप्रूफिंग घ्या. स्लॅब ओलसर करून पहिला हात, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर दुसरा हात आडव्या दिशेनं. कोपऱ्यात आणि मोरीभोवती दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी. भिंतीवर लेप फूटभर चढवा, दाराच्या उंबरठ्याखालीही न्या. उंबरठा सोडला की पाणी तिथूनच हॉलच्या स्लॅबमध्ये जातं. 10 बाय 4 च्या गॅलरीला भिंतीवरचा भाग धरून सुमारे 65 चौरस फूट होतात, त्याला 10 ते 12 किलो माल लागतो. 5 किलोत झालं असं कोणी सांगितलं तर दुसरा हात झालेला नाही.

विटांच्या भुग्याचा जाड कोबा गॅलरीत टाळा. गच्चीवर तो चालतो. पण 4 इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो, म्हणजे आपल्या या गॅलरीवर 700 किलोंच्या वर, तेही आधार नसलेल्या टोकापर्यंत. जुन्या फरशीवर नवी फरशी टाकायचा सोपा उपायही याच कारणानं वाईट. वर आतली ओल कोंडते ते वेगळंच.

लेप पूर्ण वाळला, साधारण आठवड्यानं, की पुन्हा 48 तास पाणी उभं करा. फरशी घालण्याआधीच. घातल्यावर चाचणी नापास झाली तर सगळं परत फोडावं लागतं. पास झाली की वर 1 भाग सिमेंट, 4 भाग रेतीचा थर, मोरीकडे मीटरला 10 ते 12 मिलिमीटर उतार देऊन. सरासरी 30 मिलिमीटर जाडीला सिमेंट जेमतेम एक पोतं आणि रेती 4 घनफूट लागते. उतार पाण्याच्या लेव्हल नळीनं तपासा, नुसत्या नजरेनं नको. फरशीत 3 मिलिमीटर सांधा ठेवून ग्राउट भरा. स्लॅबच्या पुढच्या कडेला खालून बोटाएवढी खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाणी कडेवरून मागे छताकडे न वळता तिथेच टपकतं. मिस्त्री हे न सांगता करत नाही.

कुलरचा स्टँड यापुढे रबरी बुटांवर ठेवा आणि खाली ट्रे ठेवून त्याची नळी थेट मोरीत सोडा.

खालच्या फ्लॅटचं प्लॅस्टर आणि रंग शेवटी, वरची चाचणी पास होऊन निदान महिना झाल्यावर. ओल्या छताला पुट्टी लावली की ती पोळ्याच्या आत पोपड्यांनी खाली येते आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ठेकेदाराला आगाऊ 30 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. मधला हप्ता पाण्याची चाचणी पास झाल्यावर द्या, फरशी दिसली म्हणून देऊ नका. 10 टक्के एक पावसाळा होईपर्यंत रोखून ठेवा, आणि हे करारात आधीच लिहा.